ब्रेनस्टेममधल्या गाठीचा तुकडा काढावा का?

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदकडच्या एखाद्या घरात चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला एकाचे दोन दिसू लागतात, तोंड एका बाजूला ओढलं जातं, पाणी पिताना ठसका लागतो. आधी डोळ्यांचा डॉक्टर होतो, मग लकव्याचं औषध होतं, आणि बऱ्याच दिवसांनी एमआरआय निघतो. रिपोर्टात येतं की ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, गाठ दिसते आहे. तिथून पुढे घरच्यांच्या कानावर दोन सल्ले येतात. एक म्हणतो, त्या जागेला सुई लावली तर माणूस टेबलावरच जाईल. दुसरा म्हणतो, तपासण्यांत वेळ घालवू नका, रेडिएशन किंवा टीबीच्या गोळ्या सुरू करून टाका. गाठ नेमकी कशाची आहे हे अजून कुणालाच कळलेलं नाही, ही गोष्ट मात्र दोन्ही सल्ल्यांत सुटून जाते.

प्रौढ माणसाच्या बाबतीत ते कळून घेतल्याशिवाय उपचार सुरू करणं हा मोठा धोका आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अनुभवी हातांनी केलेली सुईची बायोप्सी, आपल्याकडे ज्याला तुकडा काढणं म्हणतात ती, लोक समजतात तितकी जीवघेणी नाही. ती प्रत्येकाला लागतेच असंही नाही. कधी करावी, कधी टाळावी आणि करायची ठरली तर काय तयारी ठेवावी, हे बीदर-कलबुर्गीकडच्या सीमाभागातल्या कुटुंबांसाठी इथे लिहितो आहे.

ब्रेनस्टेम अंगठ्याएवढ्या जाडीचा असतो. मोठा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांच्यामधला हा दुवा. वरचा भाग मिडब्रेन, मधला फुगीर भाग पॉन्स, खालचा मेडुला. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याचे स्नायू, शुद्ध, आणि हातापायांकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा एवढ्याशा जागेत दाटीने बसलेल्या आहेत. म्हणून इथली गाठ उघडून पूर्ण काढणं बहुतेक वेळा शक्य नसतं, आणि भीती वाटते तीही याचमुळे. पण गाठ काढून टाकणं आणि तिचा कणभर नमुना घेणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. घरच्यांशी बोलताना डॉक्टर यातलं कोणतं काम सांगताहेत, हे आधी नीट विचारून घ्यावं.

लहान मुलांत पॉन्सभर पसरलेली गाठ एमआरआयवर इतकी ठरावीक दिसते की नव्वदच्या दशकात जगभरच्या डॉक्टरांनी तिथे तुकडा काढणं जवळजवळ बंद केलं. चित्र पाहून निदान आणि थेट रेडिएशन, अशी पद्धत पडली. तीच सवय मोठ्यांच्या उपचारात शिरली आणि घोळ झाला, कारण मोठ्या माणसात तेच चित्र अनेक आजारांचं असू शकतं. ग्लायोमा असतो, तोही हळू वाढणारा किंवा झपाट्याने वाढणारा. लिम्फोमा असतो, फुप्फुसातल्या किंवा स्तनातल्या कॅन्सरचं बी तिथे येऊन पडलेलं असतं, पू झालेला असतो, मज्जातंतूंचं आवरण झडण्याचा आजार असतो. रक्तातलं सोडियम फार खाली गेलं आणि ते भराभर वर आणलं, तर त्यानंतर पॉन्समध्ये दिसणारा डागही गाठीसारखा भासू शकतो.

आपल्या भागासाठी या यादीत टीबी फार वर येतो. टीबीची गाठ, म्हणजे ट्यूबरक्युलोमा, आणि फितकृमीच्या अळीची गाठ, म्हणजे सिस्टिसर्कोसिस, हे दोन्ही औषधांनी बरे होण्यासारखे आजार आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले डॉ. वेदांतम राजशेखर आणि डॉ. मॅथ्यू चांडी यांनी १९९५ साली ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’त ब्रेनस्टेमच्या ७१ रुग्णांचा हिशोब मांडला होता. सीटी स्कॅनच्या आधाराने सुई घातली, तर धोका किती आणि फायदा किती, हाच त्यांचा प्रश्न होता. केवळ ब्रेनस्टेममधली गाठ म्हणून समोर येणाऱ्या टीबीबद्दल त्यांनी पुढे वेगळं लिहिलं. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदूविकार संस्थेतल्या डॉक्टरांनीही २०१४ मध्ये आपल्याकडच्या अशा बायोप्सींचा अनुभव प्रसिद्ध केला आणि मोठ्यांतले आजार मुलांपेक्षा कसे वेगळे निघतात यावर भर दिला. म्हणजे हा प्रश्न केवळ परदेशात तपासलेला नाही. दक्षिण भारतातल्या रुग्णांवर, आपल्यासारख्याच लोकांवर, तो तीस वर्षांपूर्वी तपासला गेला आहे.

“मग टीबीच्या गोळ्या देऊन बघायला काय हरकत?” हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. छातीच्या एक्स-रेत टीबी स्पष्ट दिसतो आहे, किंवा मानेतल्या गाठीच्या तपासणीत जंतू सापडले आहेत, तर डॉक्टर त्या आधारावर औषध सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. पण असा कोणताही पुरावा नसताना नुसता अंदाज म्हणून गोळ्या दिल्या, तर उत्तर दोन्ही बाजूंनी फसवं येतं. मेंदूतल्या टीबीत गोळ्यांबरोबर बरेचदा स्टिरॉइड देतात. स्टिरॉइडने लिम्फोमा विरघळतो, ट्यूमरभोवतीची सूजही उतरते. माणसाला महिनाभर बरं वाटतं आणि सगळे म्हणतात, टीबीच होता. उलट, खरोखरची टीबीची गाठ योग्य औषध चालू असतानाही सुरुवातीचे काही महिने वाढलेली दिसू शकते. मग घाबरून गोळ्या बंद होतात. आधीच जीव मुठीत धरून बसलेल्या घरात हे दोन-तीन महिने फार महाग पडतात.

आता धोक्याचे आकडे. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी तोवर प्रसिद्ध झालेले ३८ अभ्यास एकत्र केले. त्यात मुलं आणि मोठी माणसं धरून ब्रेनस्टेमच्या १४८० बायोप्सी होत्या. निदान हाती आलं ९६.२ टक्क्यांत. काही ना काही त्रास झाला ७.८ टक्क्यांना, कायमचं नुकसान झालं १.७ टक्क्यांना आणि मृत्यू झाला ०.९ टक्क्यांचा. साध्या भाषेत, हजार लोकांमागे सुमारे ७८ जणांना त्रास झाला, त्यातल्या १७ जणांचा त्रास उरला, आणि ९ जण दगावले. बाकीच्यांचा त्रास काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरला. त्रास म्हणजे मुख्यतः सुईच्या वाटेत रक्तस्राव होणं, किंवा एकाचे दोन दिसणं, चेहरा वाकडा होणं, गिळायला अडचण, हातापायातला अशक्तपणा ही लक्षणं नव्याने येणं अथवा वाढणं.

नऊ माणसं हा आकडा लहान नाही आणि तो कुणी झाकू नये. पण तो दुसऱ्या पारड्याशी ताडून पाहावा : नसलेल्या कॅन्सरसाठी सहा आठवड्यांचं रेडिएशन, किंवा असलेल्या लिम्फोमासाठी सहा महिन्यांच्या टीबीच्या गोळ्या. हेही लक्षात घ्यावं की हे आकडे अशी कामं वारंवार करणाऱ्या केंद्रांचे आहेत. म्हणून सर्जनला सरळ विचारावं, तुमच्याकडे ब्रेनस्टेमच्या अशा बायोप्सी वर्षाला किती होतात? चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही. उत्तर टोलवलं गेलं, तर दुसरं मत घ्यावं.

प्रत्यक्ष काय करतात ते माहीत असलं की निम्मी धास्ती जाते. या पद्धतीला स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी म्हणतात. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९४९ मध्ये त्यासाठीची धातूची चौकट मांडली, आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही वापरात आहेत. रुग्णाच्या कपाळावर दोन आणि डोक्याच्या मागे दोन, अशा चार ठिकाणी बधिरतेची इंजेक्शनं देऊन चौकट स्क्रूने पक्की बसवतात. इंजेक्शन टोचताना दुखतं, मग डोकं आवळल्यासारखं वाटतं आणि थोड्या वेळाने ते कमी होतं. चौकटीसकट स्कॅन काढतात. संगणक गाठीच्या नेमक्या बिंदूचे तीन अंक देतो : डावी-उजवीकडे किती, पुढे-मागे किती, वर-खाली किती. काही ठिकाणी चौकटीऐवजी नॅव्हिगेशन यंत्र किंवा रोबो वापरतात.

सुईला वाटा मुख्यतः दोन. एक कपाळाच्या वर, केसांच्या रेषेमागून, लांबवर खाली उतरणारी. दुसरी मानेच्या वर मागच्या बाजूने, छोट्या मेंदूतून पॉन्समध्ये शिरणारी. गाठ कुठे आहे त्यावर वाट ठरते, आणि वाटेत मोठी रक्तवाहिनी येऊ नये म्हणून डाय देऊन काढलेला एमआरआय लागतो. कवटीला छोटं भोक पाडतात. सुईचं टोक बोथट असतं आणि बाजूला एक खिडकी असते. हलक्या ओढीने गाठीचा भाग त्या खिडकीत येतो, आतली नळी फिरवली की तेवढाच कापला जातो. निघतो तो शेवईच्या तुकड्याएवढा, फार तर सेंटीमीटरभर लांब, मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड धागा. एक धागा लगेच पॅथॉलॉजिस्टकडे जातो. तो दोन काचांमध्ये दाबून, रंग देऊन काही मिनिटांत सांगतो की हा भाग आजारीच आहे, पुरेसा आहे. तसं आलं नाही तर त्याच वाटेवर थोडं वर-खाली सरकून आणखी नमुना घेतात. गाठीत पू असेल, तर त्याच सुईने तो काढताही येतो, म्हणजे तपासणी आणि उपचार एकदमच होतात.

मोठ्यांमध्ये हे बरेचदा पूर्ण भूल न देता, थोडं गुंगीचं औषध देऊन करतात. कारण रुग्ण बोलत असला, सांगितल्यावर हात हलवत असला, की काही बिघडलं तर सर्जनला त्याच क्षणी कळतं. आपल्याकडे घरची माणसं अनेकदा म्हणतात, त्याला काही सांगू नका, घाबरेल. या ठिकाणी ते चालणार नाही. जाग्या माणसाच्या डोक्याला चौकट बसणार आहे, त्याचं सहकार्य हवं आहे, आणि शरीर त्याचं आहे. सही त्याने समजून केली पाहिजे. संमतिपत्र बहुधा कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजीत असतं. आपल्याकडचा माणूस बाजारात तीन-चार भाषा सहज बोलतो, पण ‘रक्तस्राव झाला तर उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल’ हे वाक्य मराठीतच ऐकायला हवं. घरातल्या एका समंजस माणसाने ते ओळीओळीने मराठीत सांगावं, आणि डॉक्टरांशी बोलायला तोच एक माणूस ठेवावा. काका एक विचारून येतात, मेहुणा दुसरं, आणि रात्री वॉर्डाबाहेर वाद होतो. ते टाळता येतं.

बायोप्सी करू नये असेही प्रसंग आहेत. कॅव्हर्नोमा नावाची रक्तवाहिन्यांची गाठ एमआरआयवर सहसा स्पष्ट ओळखू येते, तिला सुई लावायची नसते. रक्त गोठत नसेल, प्लेटलेट फार कमी असतील, तर ते आधी सुधारावं लागतं. एमआरआयवर सोडियमचा किंवा पक्षाघाताचा प्रकार वाटत असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढून पाहणंच शहाणपणाचं. आणि शरीरात दुसरीकडे सोपी जागा सापडली, मानेतली किंवा काखेतली गाठ, फुप्फुसातला डाग, तर तिथला तुकडा आधी घ्यावा. म्हणून छातीचा स्कॅन, एचआयव्हीची तपासणी आणि अंगभर हात फिरवून केलेली साधी तपासणी झाल्याशिवाय कुणी थेट सुईकडे वळत असेल, तर थांबवून विचारावं. पाठीतून पाणी काढण्याची तपासणी काही रुग्णांत उपयोगी असते, पण डोक्यात दाब वाढलेला असेल तर ती घातक ठरते. तो निर्णय न्यूरोचा डॉक्टरच घेईल. आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न : तुकड्याचा निकाल काहीही आला तरी उपचार बदलणार नसतील, किंवा रुग्णाची प्रकृती कोणतेच उपचार सोसण्यासारखी नसेल, तर सुईचा धोका कशासाठी घ्यायचा? डॉक्टरांना विचारा, “निकालाने तुमचा पुढचा निर्णय बदलेल का?” या एका उत्तरावर बरंच ठरतं.

दोन औषधांबद्दल सावध राहा. पहिलं स्टिरॉइड, म्हणजे डेक्सा. लिम्फोमाची शंका असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर बायोप्सीआधी ते देणं डॉक्टर टाळतात, कारण त्याने गाठ इतकी बदलते की तुकड्यात काहीच सापडत नाही. गावातल्या दवाखान्यात ते आधीच सुरू झालं असेल, तर किती दिवस आणि किती डोस, हे कागदावर लिहून न्या. स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका. गुंगीत जाणाऱ्या रुग्णात तेच औषध जीव वाचवतं. दुसरं, रक्त पातळ करणारी औषधं. हृदयाच्या आजारासाठी अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असतं आणि घरच्यांना ती ‘बीपीची गोळी’ वाटते. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. कधी थांबवायची ते न्यूरोसर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.

कुठे जायचं? बीदरहून हैदराबाद सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणून आपले पाय तिकडेच वळतात. तिथे सरकारच्या अखत्यारीतलं निझाम्स इन्स्टिट्यूट आहे. कलबुर्गीहून सोलापूर जवळ आहे. बंगळूरचं निम्हान्स सहाशे किलोमीटरच्या पलीकडे, पण न्यूरोसर्जरी आणि न्यूरोपॅथॉलॉजी एकाच छताखाली असलेलं. या आजारात मला ते फार मोलाचं वाटतं, कारण एवढ्याशा धाग्यावरून निदान करणारा डोळा सर्जनच्या हाताइतकाच महत्त्वाचा आहे. बीदरचं ब्रिम्स आणि कलबुर्गीचं जिम्स ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं पहिल्या तपासणीसाठी आणि मोठ्या रुग्णालयात पाठवण्याच्या चिठ्ठीसाठी उपयोगी पडतात.

ती चिठ्ठी हलकी समजू नका. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या तीस टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. मोठ्या उपचारांसाठी सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. राज्याबाहेर जाणार असाल, तर आपलं कार्ड तिथे चालेल का हे निघण्याआधी त्या रुग्णालयाच्या योजना कक्षात फोन करून विचारा. दुसरी गोष्ट आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते : महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आहे, आणि त्यात बीदर-कलबुर्गीकडची गावं येतात. आपलं गाव यादीत आहे का आणि कोणते दाखले लागतील, हे सोलापूर, लातूर किंवा उदगीरच्या योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडून पक्कं करून घ्या.

सोबत एमआरआयची नुसती फिल्म नेऊ नका, सीडी घ्या. सुईची वाट ठरवायला बारीक काप लागतात, ते फिल्मवर नसतात. वाटेत रुग्णाला पडल्यापडल्या पाणी किंवा जेवण देऊ नका. बसवून, हनुवटी थोडी खाली घेऊन, घोट-घोट द्या. ठसका लागतच असेल तर तोंडाने देणं थांबवा. उलट्या वाढल्या, माणूस झोपाळू होऊन हाकेला उशिरा ओ देऊ लागला, तर डोक्यात पाणी साचत असण्याची शक्यता असते. अशा वेळी रात्रीची बस धरू नका, १०८ची रुग्णवाहिका बोलवा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात आधी जा.

बायोप्सीनंतर काही तासांनी सीटी काढून रक्तस्राव नाही ना पाहतात, आणि निदान एक दिवस-रात्र लक्ष ठेवतात. गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय घरचा डबा भरवू नये, कितीही मायेने आणलेला असला तरी. सुई लावल्याने गाठ पसरते ही समजूत खूप खोलवर आहे. मेंदूच्या बाबतीत तसं घडणं अतिशय दुर्मीळ आहे.

नमुना काढायच्या आधीच सर्जनला एक आठवण करा : टीबीची शंका असेल तर एक धागा फॉर्मालिनमध्ये न टाकता सलाईनमध्ये ठेवून कल्चर आणि सीबीनॅट या टीबीच्या जंतूच्या तपासण्यांसाठी पाठवावा. सगळे धागे फॉर्मालिनमध्ये गेले की जंतू वाढवून पाहायची संधी हातची जाते, आणि औषधांना दाद न देणारा टीबी आहे का हे कळायला अडचण होते. टीबी निघालाच, तर निक्षय या टीबीच्या सरकारी यादीत नोंद करून घ्या. सरकारी औषधं मोफत मिळतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला हजार रुपये मिळतात. मेंदूतल्या टीबीचा कोर्स किमान वर्षभराचा धरून चाला.

काचेवरचा पहिला अंदाज त्याच दिवशी कळतो, पक्का रिपोर्ट यायला साधारण आठवडा, आणि विशेष रंगांच्या तपासण्यांना त्याहून जास्त. ग्लायोमा निघाला तर एच३ के२७एम हा जनुकातला बदल तपासला का, ते विचारा. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या बदलाच्या गाठीला वेगळं नाव आहे, आणि तो बदल असलेल्या, उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये डोर्डाविप्रोन या औषधाला परवानगी मिळाली. ते आजार मुळातून बरा करत नाही, पण तुकडा असल्याशिवाय त्याचा विचारही करता येत नाही. रेडिएशन ठरलं तर पाच-सहा आठवडे रोज जावं लागतं, म्हणून कलबुर्गीचं किदवईचं कॅन्सर केंद्र किंवा हैदराबादचं एमएनजे कॅन्सर रुग्णालय, जिथे राहायची सोय होईल ते धरा.

शंभरातल्या चार जणांना उत्तर मिळत नाही. तेव्हा पुन्हा नमुना घ्यायचा की सहा-आठ आठवड्यांनी एमआरआय करून ठरवायचं, हे त्याच डॉक्टरांशी तारीख लिहून ठरवा. आणि घरी निघताना रिपोर्टाच्या कागदाबरोबर नमुना ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक आणि काचा मागून घ्या. लेखी अर्ज केल्यावर त्या मिळतात. मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात किंवा दुसरीकडे मत घ्यायचं झालं, तर नव्याने सुई लावायला न लागता त्याच ब्लॉकवर काम होतं. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. नाव आणि नंबर लिहिलेल्या डबीत, घरात सावलीला ठेवा.